घोटाभर चिखल

पाणथळाची कड नेमकी कुठे सुरू होते हे ठरवायला कचेरीकडे एकच साधन होतं, आणि ते म्हणजे त्याचा उजवा पाय.

नियम कागदावर लांबलचक होता, पण कामाची रीत सोपी होती. ज्याला इमारत बांधायची असेल त्याच्या जागेच्या कोपऱ्यावर खुंटी ठोकायची. ओव्हरसियर साहेब टेपची डबी धरून खुंटीपाशी उभे राहायचे आणि तो टेपची कडी बोटात अडकवून पाण्याच्या दिशेने चालू लागायचा. जिथे पाय घोट्यापर्यंत चिखलात जाईल तिथे थांबायचं आणि ओरडायचं, "रुतला." साहेब आकडा वाचून वहीत लिहायचे. पन्नास मीटर भरले तर परवानगी, एक बोट कमी पडलं तरी नाही. अकरा वर्षं तो हेच करत होता, तेही रोजंदारीवर. कचेरीत त्याला सगळे टेपच म्हणत. त्याचं खरं नाव हजेरीच्या कागदावर होतं, पण तो कागद कोण वाचतो.

घरी तो घरजावई होता. जावई म्हणजे दहावा ग्रह असं लोक म्हणतात. त्याचा सासरा म्हणायचा, आमच्याकडे नऊच आहेत, दहावा भला माणूस निघाला. सासरा पाणगवताच्या चटया विणायचा. बायको विणायची. सुट्टीच्या दिवशी तोही गवत कापायला उतरायचा. पाणथळाच्या कडेला आठ-दहा घरं अशीच विणकरांची होती आणि सगळ्यांचा मिळून गवत भिजवायचा एक खड्डा होता. कापलेलं गवत तीन दिवस त्या खड्ड्यातल्या पाण्यात बुडवून ठेवलं की मऊ होतं, नाहीतर विणताना काडीसारखं मोडतं. तळाला काळा चिखल, त्याच्या अंगात काय होतं देव जाणे, पण त्यातून निघालेल्या चटईला कीड लागायची नाही.

त्या चिखलाला वास होता. विणकरांना तो येत नसे, पण कचेरीत यायचा. आवक-जावक बघणाऱ्या बाई तो आत आला की रुमाल नाकाशी धरायच्या, आणि रुमाल धरतानाही हसून "काय, बरंय ना?" असं विचारायच्या. तो डबा मागच्या पायरीवर बसून खायचा. कुणी हाकललं नव्हतं. त्याने आपणच ओळखलं होतं.

त्या वर्षी पाऊस तोंड दाखवून गेला. पाणी लवकर मागे हटलं, गवत खुरटं राहिलं, घरात निम्म्याच चटया होऊ लागल्या. अशातच कचेरीने रोजंदारीवरच्या दोघांना कायम करायचं ठरवलं आणि मुलाखतीचा दिवस लावला. बायकोने सोळा चटया जास्तीच्या विणल्या, बोटांना चिरा पाडून घेतल्या आणि त्याच्यासाठी काळे बूट आणले.

"अहो, चपला घालून जाऊ नका," ती म्हणाली. "माणसाचं निम्मं मोल पायांत असतं."

"मग उरलेलं निम्मं?"

"ते तुमच्याकडे कुठे आहे?" असं म्हणून ती हसली.

मुलाखत दुपारी तीनला आणि त्याच सकाळी अकराला मोजणी. प्लॉटवाल्याला, म्हणजे पाणथळाजवळची जमीन घेऊन चार मजली घरं उभी करायला निघालेल्या माणसाला, घाई होती. त्या सकाळी मुलाखतीसाठी त्याने घरी तीनदा साबण लावून पाय धुतले होते. टाचा दगडाने घासून लाल केल्या होत्या. बुटांत मोजे होते, मोज्यांत आयुष्यात पहिल्यांदा कोरडे, बिनवासाचे पाय होते.

खुंटीपासून वीसेक पावलांवरच जमीन मऊ पडत गेलेली त्याला दिसत होती. तिथे बूट काढायचे, विजार गुडघ्यावर घ्यायची आणि उतरायचं, एवढंच. त्या चिखलाचा वास पायाला लागला की दोन दिवस जात नाही. त्याने साहेबांकडे बघितलं. साहेब छत्री उघडत होते.

डाव्या हाताला विणकरांची वाट होती. ही वाट सासऱ्याने घातलेली. चिखलातून ओझं घेऊन येताना माणसं पडायची म्हणून तीस वर्षांपूर्वी त्याने तिथे न खपलेल्या, फाटक्या चटया अंथरायला सुरुवात केली. त्यावर माती, पुढच्या वर्षी पुन्हा चटया, पुन्हा माती. आता ती वाट थेट उघड्या पाण्यापर्यंत जायची आणि तिच्यावरून चालताना पायाला ओल लागायची नाही. दोन्ही अंगांना डोक्याएवढं गवत. तो त्या वाटेने चालत गेला. रोजची सवयीची वाट, पायांनी आपणच धरली, असं पुढे त्याने स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं. ते खोटं होतं. त्याने बघून, समजून ती धरली होती.

वाट संपली तिथे तो थांबला. बूट कोरडे होते.

"रुतला का रे?" गवतापलीकडून साहेबांनी विचारलं.

"रुतला."

"चोपन्न," साहेब म्हणाले आणि लिहून घेतलं.

मुलाखतीत त्याला तीन प्रश्न विचारले. टेबल मोठं होतं, पुढून फळीने बंद होतं. त्याचे पाय कुणाला दिसलेच नाहीत.

महिन्याभराने कचेरीच्या फळ्यावर कागद लागला: प्लॉटवाल्याच्या बांधकामाला मंजुरी देण्याचं समितीने योजलं आहे, अंतर चोपन्न मीटर, कुणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांत लेखी द्यावी. सासऱ्याला वाचता येत नसे. लेकीने वाचून दाखवलं तेव्हा तो आधी हसला.

"चोपन्न? अगं, आपला खड्डाच खुंटीपासून तीस पावलांवर आहे. खड्ड्यात उभं राहून पाय रुतत नाही असं म्हणायचंय का यांना?" मग त्याने जावयाकडे पाहिलं. "जावईबापू, साहेबांनी आकडा चुकीचा उतरवला हो. तुमच्या कष्टावर पाणी पडलं."

"असेल," तो म्हणाला.

"असेल काय, आहेच. आपण हरकत देऊ. तुम्ही आहात म्हणून बरं, नाहीतर आमचं कोण ऐकणार?"

हरकतीचा अर्ज बायकोने लिहिला. सासरा सांगत होता, ती वहीचं पान मांडीवर घेऊन लिहीत होती, आणि तो शेजारी बसून गवताच्या जुड्या बांधत होता. "टेप माझ्या जावयानेच धरली होती, त्यांना विचारावे," हे वाक्य लिहिताना तिने मान वर करून त्याच्याकडे कौतुकाने पाहिलं. त्याच्या हातातली जुडी सुटली. त्याने ती पुन्हा बांधली. सांगायचं तर तेव्हाच सांगायचं होतं. तीन माणसांचं घर, दाराला कडी लावून बोलता आलं असतं. पण कायम झाल्याचा कागद अजून हातात यायचा होता, आणि रोज सकाळी तो उद्यावर ढकलत होता.

सुनावणीला सासरा धुतलेला सदरा घालून आला. सोबत विणकरांपैकी चार जण होते. सभागृह म्हणजे एक लांब खोली, भिंतीशी बाकं, समोर टेबल. टेबलामागे समितीच्या अध्यक्षबाई, शेजारी ओव्हरसियर साहेब वही घेऊन, एका बाजूला प्लॉटवाला मोबाइल बघत बसलेला. तो दाराशी उभा होता. कचेरीचा माणूस म्हणून पाण्याचे ग्लास देण्याचं काम त्याच्याकडेच होतं. पहिला ग्लास त्याने अध्यक्षबाईंना दिला आणि दुसरा प्लॉटवाल्याला. सासऱ्यापर्यंत आला तेव्हा ग्लास संपले होते.

"बोला बाबा," अध्यक्षबाई म्हणाल्या. बाई समजूतदार होत्या, कुणाला तोडून बोलत नसत.

सासरा उठला. "मॅडम, चोपन्न आकडा खोटा आहे. आमचा भिजवणीचा खड्डा त्याच्या कितीतरी अलीकडे आहे. तिथे ऐन उन्हाळ्यातही माणूस गुडघाभर जातो. चार मजली घरं आली की भराव येणार, खड्डा जाणार. खड्डा गेला की आमचा धंदा गेला. दुसरं आम्हाला काही येत नाही."

"साहेब?"

ओव्हरसियरनी वही उघडली. "मोजणी रीतीप्रमाणे झाली मॅडम. चोपन्न मीटरवर पाय घोटाभर रुतला. मी स्वतः विचारलं, टेप धरणाऱ्याने स्वतः सांगितलं."

"मग त्यालाच विचारा ना," सासरा म्हणाला, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याच्या आवाजात ऐट आली. "तो काय, दारात उभा आहे. माझा जावई आहे. पोटात एक ओठात एक असलं त्याच्याकडे नाही."

सगळ्या माना वळल्या. त्याच्या हातात रिकामा ट्रे होता.

"काय रे," अध्यक्षबाई म्हणाल्या, "कुठे रुतला होता पाय?"

त्याला ओव्हरसियर साहेब दिसत होते. त्यांनीच त्याचं नाव कायम करण्यासाठी पुढे पाठवलं होतं. रुमालवाल्या बाई टिपण घेत होत्या. सासऱ्याच्या सदऱ्याचं वरचं बटण तुटलेलं होतं आणि तिथे लेकीने दोरा घालून टाका मारला होता, तोही दिसत होता.

"साहेबांनी लिहिलंय तिथेच," तो म्हणाला.

सासरा उभा होता तो तसाच थोडा वेळ उभा राहिला. मग त्याने मागे हात नेऊन बाक चाचपलं आणि खाली बसला. प्लॉटवाला मोबाइलमधून मान वर काढून म्हणाला, "आता घरचाच माणूस सांगतोय म्हटल्यावर." अध्यक्षबाईंनी सही केली.

परतताना चार विणकर पुढे निघून गेले. सासरा आणि तो मागे राहिले. अर्धी वाट गेल्यावर सासरा म्हणाला, "नोकरीत वरच्याचं ऐकावं लागतं. मला कळतं ते." शेजारपाजारच्यांनाही त्याने हेच सांगितलं. शिव्या दिल्या असत्या तर त्याला जेवण तरी गेलं असतं. सासरा त्याला अजून जावईबापूच म्हणत होता, ताटात आधी त्यालाच वाढायला सांगत होता, आणि तो मान खाली घालून गिळत होता.

दुसऱ्याच दिवसापासून ट्रक येऊ लागले. विटांचे तुकडे, फुटकी फरशी, मुरूम. सकाळपासून धूळ उडायची, ती अंगणातल्या अर्धवट चटयांवर बसायची आणि बायको ओल्या फडक्याने ती पुसत बसायची. तिने त्याला एकदाच विचारलं.

"खरंच चोपन्न होते?"

"तू पण आता सुरू नको होऊस," तो म्हणाला. तिने पुन्हा विचारलं नाही. लोक मात्र विचारू लागले होते, तिच्यासमोर नाही, पण ती जवळ आली की गप्प होतील अशा बेताने.

नवव्या दिवशी, आजूबाजूचा भराव पाण्यापर्यंत पोचल्यावर, ट्रक खड्ड्यापाशी आला. खड्ड्यात तीन घरांचं गवत भिजत होतं. सासरा हात वर करून ट्रकच्या आडवा गेला. चालकाने काच खाली केली.

"आजोबा, मला पोचपावती द्यावी लागते. दहा मिनिटं देतो. काय काढायचं ते काढा."

तो आणि सासरा खड्ड्यात उतरले. भिजलेलं गवत कोरड्याच्या चौपट जड. तो तळातून जुडी उपसून सासऱ्याच्या हातात द्यायचा, सासरा वर लोटायचा, बायको काठावरून ओढून घ्यायची. शेजारची काकू धावत आली आणि आपली जुडी कुठली, त्यांची कुठली हे न बघता ओढू लागली. एक जुडी निसटून पुन्हा तळाला गेली. सासरा तिच्यासाठी वाकला तो चिखलात बसकण मारून पडला, छातीपर्यंत आत गेला. त्याला काखेत धरून वर ओढताना सासऱ्याचं हलकं अंग त्याच्या अंगाला टेकलं. म्हातारा धापा टाकत होता. चालकाने हॉर्न वाजवला. तो काही रागाने वाजवला नव्हता, वेळ झाली एवढंच सांगायला.

मग ट्रकचा हौदा उचलला गेला. विटा पडताना खड्ड्यातलं काळं पाणी उसळून चौघांच्याही तोंडावर आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो अध्यक्षबाईंच्या टेबलापुढे उभा राहिला. पायांत काही नव्हतं. रुमालवाल्या बाईंनी रुमाल काढला.

"मॅडम, मी त्या दिवशी खोटं बोललो," तो म्हणाला. "पाय रुतला नव्हता. मी विणकरांच्या वाटेवर उभा होतो. ती वाट चटयांची आहे, तिच्यावर पाय रुतत नाही. खरी कड वीस-बावीस मीटरवरच होती."

अध्यक्षबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. "कुणी सांगितलं होतं तुला तसं करायला? प्लॉटवाल्याने?"

"नाही."

"काही दिलं होतं?"

"नाही मॅडम."

"मग का?"

त्याने तोंड उघडलं. ओव्हरसियर साहेब ऐकत होते, आवक-जावकच्या बाईंचा रुमाल नाकाशीच होता. "चुकलं," एवढंच तो बोलला.

अध्यक्षबाईंनी त्याच दिवशी पुन्हा मोजणी करायचं ठरवलं, हा त्यांचा भलेपणा. दुपारी त्या स्वतः आल्या. ओव्हरसियर साहेब रागाने लाल झालेले, डबी धरून खुंटीपाशी उभे. सासराही येऊन उभा होता. त्याला कुणी बोलावलं नव्हतं, पण नको असंही कुणी म्हणालं नाही.

त्याने कडी बोटात अडकवली आणि चालू लागला. बावीस मीटरवर विटांचे तुकडे होते. त्याने पाय दाबला. टाचेत फरशीचा कोपरा घुसला, पाय मात्र वरच राहिला. तो पुढे गेला. खड्डा होता तिथे मुरूम दाबून सपाट केलेला होता. तिथे तो दोन्ही पायांनी उभा राहिला, अंगाचा सगळा भार टाकला, उडीसुद्धा मारली. मागे कुणीतरी हसलं, चालकांपैकी असावं. तो पुढे जात राहिला. चटयांची वाट दिसेनाशी झाली होती, गवत दिसेनासं झालं होतं, आणि सगळेजण त्याचा पाय आत जाण्याची वाट बघत होते. एकसष्ट मीटरवर भराव संपला आणि पाय घोटाभर आत गेला.

"रुतला," तो म्हणाला. त्याचा आवाज नीट फुटलाही नाही.

"एकसष्ट," साहेब म्हणाले. "आधीपेक्षा सात जास्तच."

अध्यक्षबाई त्याच्यापर्यंत चालत आल्या. "तू पहिल्या मोजणीला कुठे उभा होतास ते मला लिहून दे, मी वर पाठवते. पण भराव आमच्याच मंजुरीने पडलाय, तो मला आज थांबवता येत नाही. सुनावणीत विचारलं होतं मी तुला. तेव्हा बोलला असतास तर जमीन तुझ्या बाजूने बोलली असती." मग त्या सासऱ्याकडे वळल्या, काहीतरी म्हणावं असं त्यांना वाटलं असावं, पण नुसत्या हात जोडून निघून गेल्या.

घराकडे जाताना वाटेत सासरा एका विटांच्या ढिगावर बसला. त्याला दम लागला होता.

"जावईबापू, आता मला तरी खरं सांगा. किती घेतले?"

"काही नाही घेतलं, मामा. शप्पथ."

"मग?"

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. "मुलाखत होती त्या दिवशी. पाय धुऊन गेलो होतो. चिखलात उतरलो असतो तर वास आला असता अंगाला."

सासऱ्याच्या हातांवर, नखांत, कानांमागे कालचा काळा चिखल अजून होता.

"आमच्या अंगाला येतो तोच ना?" त्याने विचारलं.

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं माणसं म्हणतात. तिथली जमीन आता तेही करणार नव्हती.

सासरा गुडघ्यांवर हात टेकून उठला. "हे घरी बोलू नका," तो म्हणाला. "ती सोळा वर्षं तुमच्या शेजारी झोपते. तिला हे कळायला नको. लोकांनी विचारलं तर पैसे घेतले म्हणा. पैसे माणसं घेतात. त्यात काही विशेष नाही."

"मामा, पण..."

"मी सांगतो तसं करा. आजवर तुम्हाला काही मागितलं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात खड्ड्यातून वाचवलेलं गवत पसरलं होतं. ते संपलं की पुढचं नव्हतं. बायको विणत होती, सासरा काड्या निवडत होता, शेजारची काकू आपल्या जुड्या वेगळ्या काढायला आली होती. तो कचेरीत गेला नव्हता. येऊ नकोस असा निरोप आला होता. काकूने बराच वेळ दम धरला, आणि मग तिला राहवलं नाही.

"जावईबापू, लोक म्हणतात तुम्ही प्लॉटवाल्याकडून काहीतरी घेतलंत. मी म्हटलं, नाही हो, त्यांच्यात तेवढी अक्कल नाही. खरं काय ते सांगून टाका."

चटईची लांबी सांगतानासुद्धा कधी एक बोट वाढवून न सांगणारा सासरा खाली बघत म्हणाला, "घेतले त्यांनी."

बायकोचा हात थांबला. "खरं?" तिने नवऱ्याला विचारलं.

"हो," तो म्हणाला. "घेतले. आणि गेलेही."

किती, कसे, कशात गेले, तिने काहीच विचारलं नाही. काकूने मात्र त्याच्याकडे नव्याने पाहिलं, जरा बिचकून, जरा मानही देऊन, जसं तिने सोळा वर्षांत कधी पाहिलं नव्हतं. बायकोने ओली काडी उचलली, चिखलाने काळ्या झालेल्या बोटांनी ती सरळ केली आणि पुन्हा विणायला लागली. "आणि मी आपली गावभर सांगत फिरत होते," ती म्हणाली, "की माझा नवरा भोळा आहे, पण मनाने स्वच्छ आहे."

तो मान खाली घालून बसला होता. तिने नको ते विचारलं नाही म्हणून त्याला हायसं वाटत होतं, आणि आपल्याला हायसं वाटतंय हे समोर बसलेल्या सासऱ्याला दिसत होतं.